रिक्वेस्टवर सही करायच्या किल्ल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेमेंट गेटवे जोडताना, दुसऱ्या कंपनीची एपीआय (प्रोग्रॅमने प्रोग्रॅमशी बोलायची सोय) वापरताना किंवा आपलेच दोन सर्व्हर एकमेकांशी बोलायला लावताना जे प्रश्न हमखास पुढे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी शब्दांबद्दल थोडं. कामाच्या ठिकाणी आपण सगळे ‘की’ म्हणतो, पण मराठी वाक्यात ती दुसऱ्या ‘की’शी गल्लत करते. म्हणून या पानावर ‘किल्ली’, आणि सिग्नेचरला ‘सही’. सही म्हणजे किल्ली आणि मजकूर यांच्यावरून काढलेला ठसा. तो जुळला, की रिक्वेस्ट किल्ली असलेल्यानेच पाठवली आणि वाटेत बदलली नाही हे कळतं.

एचटीटीपीएस आहे, मग वर सही कशाला?

एचटीटीपीएस वाट सुरक्षित ठेवतं. त्या वाटेने कोण आलं, हे ते सांगत नाही. तुमच्या सर्टिफिकेटमुळे समोरच्याला खात्री पटते, की तो तुमच्याच सर्व्हरशी बोलतोय. समोरचा कोण आहे हे मात्र तुम्हाला कळत नाही. शिवाय अनेक ठिकाणी ही सुरक्षित वाट लोड बॅलन्सरपाशी, म्हणजे आलेल्या रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेपाशी, संपते आणि पुढचा प्रवास उघड्यावर होतो.

पेमेंटचा वेबहुक घ्या. ग्राहकाने पैसे भरले, की गेटवे तुमच्या एका पत्त्यावर पोस्ट रिक्वेस्ट पाठवतो: अमुक ऑर्डरचे पैसे जमा झाले. हा पत्ता इंटरनेटवर उघडा असतो. ज्याला तो कळला, तो घरबसल्या ‘४,५०० रुपये जमा’ अशी रिक्वेस्ट धाडू शकतो, आणि तुमचा कोड भोळा असेल तर गोदामातून माल निघतो. म्हणूनच रेझरपे वेबहुकच्या मजकुरावर एचमॅक-एसएचए२५६ने (दोघांकडच्या एकाच गुपिताने सही करायची पद्धत) सही करून ती हेडरमध्ये, म्हणजे मजकुरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींत, पाठवतं. गिटहबही तसंच करतं.

नुसती एपीआय किल्ली हेडरमध्ये पाठवणं म्हणजे दर वेळी पासवर्ड मोठ्याने सांगणं. ती प्रॉक्सीच्या (मधल्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये उतरते, कुणीतरी ग्रुपवर टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दिसते. सहीच्या पद्धतीत गुपित कधीच घराबाहेर पडत नाही. बाहेर जातो तो त्या गुपिताने उमटवलेला ठसा, आणि तो त्या एका मजकुरापुरताच चालतो.

एचमॅक वापरू की खासगी-सार्वजनिक किल्ल्यांची जोडी?

मी एकच प्रश्न विचारतो: सही तपासणारे किती जण आहेत आणि त्यांच्यावर तुमचा किती विश्वास आहे?

एचमॅकमध्ये दोन्ही बाजूंकडे एकच किल्ली असते. जो सही तपासू शकतो, तो सही करूही शकतो. तुम्ही आणि गेटवे, असे दोघेच असाल तर हे पुरेसं आहे. वेगवान आहे, सोपं आहे. पण उद्या वाद झाला आणि ‘ही रिक्वेस्ट तुम्हीच पाठवली होती’ हे तिसऱ्यासमोर सिद्ध करायची वेळ आली, तर एचमॅकची सही कामाची नाही. ती दोघांपैकी कुणीही केलेली असू शकते.

जोडीमध्ये खासगी किल्ली फक्त सही करणाऱ्याकडे राहते आणि सार्वजनिक किल्ली कुणालाही देता येते. तपासणारे पाच-पंचवीस असतील तर हाच मार्ग. आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे ओएनडीसी, सरकारी पाठबळाचं खुलं ई-व्यापार जाळं. तिथे प्रत्येक सहभागी एड२५५१९ या सहीच्या पद्धतीची स्वतःची जोडी बनवतो, सार्वजनिक किल्ली रजिस्ट्रीत नोंदवतो, आणि प्रत्येक रिक्वेस्टच्या ऑथोरायझेशन हेडरमध्ये किल्लीची ओळख, सही केव्हा केली, केव्हा संपते आणि खुद्द सही पाठवतो. समोरचा रजिस्ट्रीतून किल्ली काढून तपासतो. इतक्या सहभागींमध्ये दर दोघांमागे एक गुपित वाटत बसणं शक्यच नव्हतं.

नव्या कामासाठी जोडी निवडत असाल तर माझा कौल एड२५५१९ला. किल्ली ३२ बाइटची, सही ६४ बाइटची. आरएसए या जुन्या पद्धतीत २,०४८ बिटच्या किल्लीची सही २५६ बाइटची होते. शिवाय ईसीडीएसए या आणखी एका पद्धतीला प्रत्येक सहीमागे एक नवा, कुणालाही न कळणारा आकडा लागतो. सोनीच्या प्लेस्टेशन ३मध्ये तो आकडा दर वेळी तोच वापरला जात होता. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या परिषदेत फेलओव्हरफ्लो या गटाने त्यावरून थेट खासगी किल्ली कशी काढता येते हे दाखवलं. एड२५५१९ तो आकडा किल्ली आणि मजकूर यांच्यावरूनच ठरवतं, त्यामुळे सही करताना रँडम आकडा बिघडण्याचा प्रश्न उरत नाही.

गुपित आणि मजकूर एकापुढे एक ठेवून सरळ हॅश काढला तर काय बिघडलं?

हॅश म्हणजे कितीही मोठ्या मजकुरावरून निघणारं ठरावीक लांबीचं उत्तर. त्यात काय कमी पडतं ते एका जुन्या रीतीवरून पाहू. शिवकालीन पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मोर्तब उमटवत. पत्राची मर्यादा इथे संपली. त्याखाली कुणी ओळ घुसडली तरी ती पत्राचा भाग नाही. एमडी५, एसएचए१, एसएचए२५६ या हॅशना अशी मोर्तब नाही. त्यांनी दिलेलं उत्तर म्हणजे हिशेब जिथे थांबला, तिथली आतली अवस्था जशीच्या तशी. ती हातात असली की हिशेब तिथूनच पुढे चालू ठेवता येतो. म्हणजे गुपित माहीत नसतानाही, त्याची लांबी अंदाजाने धरून, मूळ मजकुरामागे स्वतःचा मजकूर जोडायचा आणि त्याचा बिनचूक हॅश काढायचा. थाय डुओंग आणि जुलियानो रिझो या सुरक्षा-संशोधकांनी २००९ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या सेवेच्या एपीआयवर नेमकं हेच करता येतं हे दाखवलं.

एचमॅक ही मोर्तब पुरवतं. बेल्लारे, कानेटी आणि क्राव्हचिक यांनी ते १९९६ मध्ये मांडलं, पुढच्या वर्षी आरएफसी २१०४ आली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती नोंदवणारे तांत्रिक दस्तऐवज). त्यात हॅश दोनदा निघतो: आधी किल्लीसह मजकुराचा, मग किल्लीसह त्या उत्तराचा. बाहेरचा हॅश आतली अवस्था झाकून टाकतो आणि पुढे ओळ जोडायची वाट बंद होते. प्रत्येक भाषेच्या लायब्ररीत एचमॅक तयार आहे. स्वतः जुळवणी करू नका.

किल्ली कशी बनवायची? किती लांब?

एचमॅक-एसएचए२५६साठी ३२ रँडम बाइट. ओपनएसएसएल या साधनाच्या रँड कमांडला हेक्स आणि ३२ सांगितलं की ६४ अक्षरांची ओळ मिळते. पायथनमध्ये सीक्रेट्स मॉड्यूल आहे, नोडमध्ये क्रिप्टो मॉड्यूलचं रँडमबाइट्स आहे. साधं रँडम किंवा मॅथ-रँडम वापरू नका. त्यांचे आकडे पुढचे-मागचे ओळखता येतात. आणि किल्ली कधीही हाताने टाइप करू नका. कंपनीचं नाव आणि साल जोडून केलेली किल्ली कितीही लांब असली तरी ती अंदाज करण्याजोगीच राहते.

किल्लीच्या लांबीवरून तिचा दर्जा कळत नाही, हे डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं. २००६ मध्ये त्यांच्या ओपनएसएसएलमध्ये झालेल्या एका बदलामुळे रँडमपणाचा स्रोत फक्त प्रोसेसच्या क्रमांकापुरता उरला. मे २००८ मध्ये ते उघड होईपर्यंत बनलेल्या किल्ल्या दिसायला नेहमीसारख्याच लांबलचक होत्या. एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या किल्लीसाठी शक्यता मात्र मोजून ३२,७६८.

आता एक छोटी अडचण, जिच्यात मी स्वतः दोन वेळा अर्धा-अर्धा दिवस घालवला आहे. हेक्समधली ६४ अक्षरं म्हणजेच किल्ली, की ती उलगडून निघणारे ३२ बाइट म्हणजे किल्ली? दोन्ही चालतात, पण दोन्ही बाजूंनी एकच धरायला हवं. एक बाजू अक्षरं वापरते, दुसरी उलगडते, आणि सही जन्मात जुळत नाही. दुसरं: इको कमांडने किल्ली फाइलमध्ये टाकली तर शेवटी एक अदृश्य नवी ओळ चिकटते. फाइलमधले बाइट मोजून पाहा. ६४ ऐवजी ६५ आले तर दोष सापडला.

किल्ली ठेवायची कुठे?

कोडमध्ये नाही. गिटमध्ये नाही, रिपॉझिटरी खासगी असली तरी नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कोडबाहेर, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ठेवलेली नोंद) ही किमान पायरी. मोठ्या कामात क्लाउडचा सीक्रेट मॅनेजर किंवा व्हॉल्ट, म्हणजे गुपितं सांभाळणारी सेवा. खासगी किल्ली खूप मोलाची असेल तर केएमएस (किल्ल्या सांभाळणारी क्लाउड सेवा) किंवा एचएसएम (त्यासाठीचं खास यंत्र), जिथे किल्ली बाहेर येतच नाही. तुम्ही मजकूर देता, ते सही देतं.

ब्राउझरमध्ये किंवा मोबाइल ॲपमध्ये गुपित ठेवायची सोयच नाही, हे मला अनेकदा सांगावं लागतं. जावास्क्रिप्ट मिनिफाय केली, म्हणजे आकसून लिहिली, तरी ती वाचता येते. एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) उघडायला पाच मिनिटं लागतात. नेक्स्टजेएस या वेबसाइट बांधायच्या फ्रेमवर्कमध्ये ज्या व्हेरिएबलचं नाव ‘नेक्स्ट पब्लिक’ या उपसर्गाने सुरू होतं, तो थेट ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये जातो. ‘अनडिफाइंड येतंय’ म्हणून घाईत तो उपसर्ग लावला जातो आणि गुपित जगजाहीर होतं. सही नेहमी तुमच्या सर्व्हरवर करा आणि ब्राउझरला तयार झालेलंच द्या.

अ‍ॅमेझॉनच्या चौथ्या आवृत्तीच्या सहीपद्धतीतली एक कल्पना उचलण्यासारखी आहे. तिथे मूळ गुपिताने थेट सही होत नाही. त्यातून आधी तारखेची, मग प्रदेशाची, मग सेवेची अशी पायरीपायरीने किल्ली काढली जाते. खालच्या पायरीची किल्ली हाती लागली तरी ती त्या दिवसापुरती, त्या प्रदेशापुरती आणि त्या एका सेवेपुरतीच चालते.

सही नेमकी कशावर करायची? फक्त बॉडीवर पुरे का?

नाही. फक्त बॉडीवर, म्हणजे रिक्वेस्टच्या मुख्य मजकुरावर, सही केली तर कुणीही तीच बॉडी आणि तीच सही दुसऱ्या पत्त्यावर पाठवू शकतो. ‘रद्द करा’च्या ठिकाणी ‘मंजूर करा’. म्हणून मेथड, होस्ट, पाथ, क्वेरी, वेळ, किल्लीची ओळख आणि बॉडीचा हॅश हे सगळं सहीखाली आलं पाहिजे.

हे तुकडे नुसते एकापुढे एक चिकटवू नका. समजा तुम्ही नग आणि भाव जोडले. १२ नग आणि ३ रुपये जोडून ‘१२३’ होतं, १ नग आणि २३ रुपये जोडूनही ‘१२३’च होतं. सही दोन्हींना तीच. मध्ये नवी ओळ घाला आणि कुठल्याच तुकड्यात नवी ओळ येऊ शकणार नाही याची खात्री करा.

स्वतःची पद्धत बनवण्याआधी आरएफसी ९४२१ वाचा. एचटीटीपी संदेशांवर सही कशी करायची याचं हे प्रमाण फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. त्याआधी त्याचे मसुदेच वर्षानुवर्षं वापरात होते, ओएनडीसीची मांडणीही त्याच घराण्यातली.

टेस्टिंगला सही जुळते, लाइव्हवर मधूनच जुळत नाही. असं का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही एका दुकानाच्या ऑर्डर घेत होतो. पाठवणारा सर्व्हर नोडमध्ये, आमचा पीएचपीत. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग कऱ्हाडहून एक ऑर्डर आली आणि सही नाकारली गेली. पुन्हा पाठवली, पुन्हा नाकारली. त्याच दिवशी पुण्याची ऑर्डर गेली, नाशिकची गेली. आम्ही किल्ली बदलून पाहिली, सर्व्हरची वेळ पाहिली. शेवटी दोन्ही बाजूंचा मजकूर शेजारी ठेवला, तेव्हा दिसलं. पुण्याच्या आणि नाशिकच्या ग्राहकांनी पत्ता इंग्रजीत लिहिला होता. कऱ्हाडच्या बाईंनी मराठीत.

दोष आमचाच होता. आम्ही आलेला जेसन (माहिती अक्षरांत मांडायचा एक साचा) उलगडत होतो, आणि सही तपासायला तो पुन्हा बांधत होतो. नोड मराठी अक्षरं जशीच्या तशी पाठवतं. पीएचपी जेसन बांधताना, वेगळं सांगितलं नाही तर, प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी बॅकस्लॅश, यू आणि चार हेक्स अंक लिहितं. अर्थ तोच, बाइट वेगळे. शब्दाचा अर्थ सहीला कळत नाही. तिला फक्त बाइट कळतात. इंग्रजी पत्त्यातही तिरकी रेघ असती, समजा ‘फ्लॅट १२/३’, तरी सही मोडली असती, कारण पीएचपी तिरक्या रेघेच्या आधी बॅकस्लॅश घालतं. दोन आठवडे तसा पत्ता आला नव्हता इतकंच.

म्हणून नियम: वायरवरून जे बाइट आले, त्यांच्यावरच सही तपासा. आधी तपासा, मग उलगडा. नोडच्या एक्स्प्रेस फ्रेमवर्कमध्ये जेसन उलगडणारं मिडलवेअर आधी लागलं असेल तर मूळ बॉडी तुमच्यापर्यंत पोचतच नाही. वेबहुकच्या त्या एका रूटसाठी कच्ची बॉडी घ्यायची सोय करा. पायथनचं जेसन मॉड्यूलही मराठी अक्षरांच्या जागी तसेच कोड लिहितं, वर स्वल्पविराम आणि अपूर्णविरामानंतर एकेक मोकळी जागा सोडतं.

मराठी मजकूर असलेल्या सेवांनी आणखी एक गोष्ट जपावी. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. काही कीबोर्ड तिसरी वाट धरतात आणि ‘र्’नंतर न दिसणारा जोडक घालतात. पडद्यावर तिन्ही सारखेच. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायच्या नियमाने) एक होतात, तिसरा होत नाही. ‘ॲ’चंही तसंच: एकसंध ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र दिलेला ‘अॅ’ कुठल्याच सामान्यीकरणाने एक होत नाहीत. मधल्या एखाद्या पायरीने मजकूर ‘स्वच्छ’ केला तर सही गेलीच. बदल करायचेच असतील तर सही करण्याआधी करा, नंतर कुणीही हात लावू नये. आणि टेस्टिंगच्या नोंदींत एक तरी पत्ता कऱ्हाडचा ठेवा. आम्ही तेव्हापासून ठेवतो.

पकडलेली जुनी रिक्वेस्ट कुणी पुन्हा पाठवली तर?

सही खरीच असते, त्यामुळे ती पास होते. उपाय दोन, आणि दोन्ही लागतात.

पहिला, सहीखाली वेळ. तपासताना ती ठरावीक मर्यादेत आहे का पाहा. स्ट्राइपच्या लायब्ररीत ही मर्यादा मुळात पाच मिनिटं असते. दुसरा, प्रत्येक रिक्वेस्टला एकदाच वापरायचा क्रमांक, जो तुम्ही रेडिससारख्या झटपट डेटाबेसमध्ये नोंदवून ठेवता. नोंद किती वेळ ठेवायची, इथे चूक होते. तुम्ही पाच मिनिटं मागची आणि पाच मिनिटं पुढची वेळ मान्य करत असाल, तर पुढच्या टोकाची रिक्वेस्ट दहा मिनिटं वैध राहते. नोंदही किमान दहा मिनिटं हवी.

वेबहुकमध्ये गेटवे स्वतःच तीच घटना पुन्हा पाठवतो, कारण पहिल्यांदा तुमचं उत्तर त्याला मिळालं नाही. तो हल्ला नाही. तिथे घटनेचा क्रमांक डेटाबेसमध्ये युनिक ठेवा आणि दुसऱ्यांदा आलेल्या घटनेला शांतपणे २०० (म्हणजे ‘मिळालं’) द्या.

सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळलेलं हवं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या वेळसेवेशी जोडणं भारतातल्या सेवांना बंधनकारकच आहे. फरक बरोबर १९,८०० सेकंदांचा दिसला तर घड्याळ बिघडलेलं नाही. तो साडेपाच तासांचा फरक आहे. कुणीतरी भारतीय वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणून पाठवतंय.

दोन सह्यांची तुलना साध्या बरोबरच्या चिन्हाने केली तर?

साधी तुलना पहिलं वेगळं अक्षर दिसताच थांबते. किती वेळात थांबली यावरून सुरुवातीची किती अक्षरं बरोबर होती याचा अंदाज बांधता येतो, आणि सही एकेक बाइट करत शोधता येते. पीएचपीत हॅश-इक्वल्स, पायथनमध्ये एचमॅक मॉड्यूलचं कम्पेअर-डायजेस्ट, नोडमध्ये टायमिंग-सेफ-इक्वल आहे. तेच वापरा. नोडचं फंक्शन दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असेल तर एरर फेकतं, म्हणून लांबी आधी पाहा.

आम्ही जेडब्ल्यूटी वापरतो. आम्हाला हे सगळं लागू आहे का?

आहे, आणि वर आणखी दोन गोष्टी.

जेडब्ल्यूटी, म्हणजे सही केलेलं ओळखपत्रासारखं टोकन, स्वतःच्या हेडरमध्ये सांगतो, की मला कुठल्या पद्धतीने तपासा. ज्याची झडती घ्यायची त्यानेच झडतीची पद्धत सांगावी, असा हा प्रकार. २०१५ मध्ये उघड झालं की काही लायब्रऱ्या ‘नन’ ही पद्धतही मान्य करत होत्या, म्हणजे सहीच नाही. दुसरा डाव याहून बारीक: सर्व्हर आरएसएच्या सार्वजनिक किल्लीने तपासतो हे माहीत असलेला माणूस हेडरमध्ये एचमॅक लिहितो आणि तीच सार्वजनिक किल्ली गुपित म्हणून वापरून सही करतो. भोळी लायब्ररी ती मान्य करते. तपासण्याची पद्धत तुमच्या कोडमध्ये पक्की लिहा. टोकनचं ऐकू नका.

दुसरी गोष्ट एचमॅकच्या टोकनांची. टोकन हाती आलं की गुपिताचे अंदाज घरी बसून, तुमच्या सर्व्हरला न शिवता तपासता येतात. शिकवणीच्या व्हिडिओत दिसणारं ‘सीक्रेट’ हे गुपित पहिल्या काही अंदाजांतच सापडतं. आरएफसी ७५१८ एचएस२५६साठी (जेडब्ल्यूटीतलं एचमॅक-एसएचए२५६) किमान २५६ बिटांची किल्ली मागते, म्हणजे वर सांगितलेले तेच ३२ बाइट.

चालू सेवा बंद न पाडता किल्ली कशी बदलायची?

पहिल्या दिवसापासून दोन किल्ल्या एकाच वेळी चालतील असा कोड लिहून. या सगळ्या पानातलं एकच काही आज करणार असाल, तर हे करा.

प्रत्येक किल्लीला एक ओळख द्या, उदाहरणार्थ ती बनवल्याचा महिना, आणि ती ओळख प्रत्येक रिक्वेस्टमध्ये पाठवा. तपासणारा त्या ओळखीवरून यादीतली किल्ली निवडतो. मग बदल असा होतो: नवी किल्ली आधी तपासणाऱ्यांकडे जाते. सगळ्या सर्व्हरवर ती पोचल्याची खात्री झाली, की सही करणारा नवी वापरू लागतो. लॉगमध्ये जुनी ओळख दिसेनाशी झाली, की जुनी यादीतून जाते. क्रम उलटा केला, म्हणजे सही करणाऱ्याने आधी नवी घेतली, तर मधल्या वेळात ४०१चा, म्हणजे ‘ओळख पटली नाही’ या उत्तराचा, पाऊस पडतो. सार्वजनिक किल्ल्या जेडब्ल्यूकेएसच्या (अशा किल्ल्यांच्या प्रसिद्ध यादीच्या) पत्त्यावर ठेवत असाल तर समोरचे त्या कॅशमध्ये ठेवतात. कॅशची मुदत चोवीस तासांची असेल तर नवी किल्ली दोन दिवस आधी प्रसिद्ध करा.

हे सरावाचं काम आहे, आणि सराव थांबला की काय होतं ते २०२३ मध्ये जगाने पाहिलं. मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यांची टोकनं सही करणारी, २०१६ मध्ये बनलेली एक किल्ली हल्लेखोरांच्या हाती होती. तिने बनवलेल्या टोकनांनी ते सुमारे २५ संस्थांच्या मेलपर्यंत पोचले. अमेरिकेचं परराष्ट्र खातं त्यांतलंच. अमेरिकी सरकारच्या चौकशी मंडळाचा अहवाल पुढच्या वर्षी आला. त्यात दिसलं, की या किल्ल्या हाताने बदलल्या जात होत्या, त्या बदलात एकदा मोठी सेवा बंद पडली, आणि २०२१ मध्ये बदलणंच थांबवलं गेलं. २०१६ची ती किल्ली त्यामुळे चालूच राहिली. भर म्हणजे वैयक्तिक खात्यांची ती किल्ली कार्यालयीन मेलसाठीही मान्य केली जात होती, कारण तपासणारा कोड किल्ली खरी आहे एवढंच पाहत होता. ती कशासाठी दिलेली आहे हे पाहत नव्हता.

किती दिवसांनी बदलायची? माझं मत: वर्षातून एकदा तरी, आणि ती हाताळणारा माणूस टीममधून गेला की त्याच आठवड्यात. आकड्यापेक्षा हे महत्त्वाचं, की बदल सकाळी अकराला, चहा पिता पिता करता यावा. रात्री दोनला करावा लागत असेल तर कुणीही तो पुढे ढकलणारच.

सेशन आणि कुकीवर सही करणाऱ्या किल्लीचं काय?

तिलाही हेच नियम. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कची सीक्रेट की बदलली की सगळे लोक लॉगआउट होतात, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते. जँगो ४.१पासून जुन्या किल्ल्यांची यादी देता येते, पीएचपीच्या लाराव्हेल ११मध्येही तशी सोय आहे. ती वापरा. आणि कुकीची किल्ली एपीआयच्या सहीसाठी वापरू नका. एका कामाला एक किल्ली.

किल्ली चुकून गिटहबवर गेली. आता?

आधी ती निकामी करा, मग बाकी सगळं. कमिट पुसून उपयोग नाही. सार्वजनिक रिपॉझिटरीवर किल्ल्या शोधणारे प्रोग्रॅम सतत फिरत असतात, आणि जुनं कमिट फोर्कमध्ये, कुणाच्या तरी क्लोनमध्ये राहतं. दोन किल्ल्यांची सोय असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे. नसेल तर सेवा थोडा वेळ बंद पडू द्या, पण फुटलेली किल्ली चालू ठेवू नका.

मग किल्ली केव्हापासून उघडी होती ते शोधा, आणि त्या वेळेपासूनची प्रत्येक सही संशयित धरा. लॉगमध्ये किल्लीची ओळख, आयपी आणि वेळ असेल तरच हे शक्य होतं. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात. ज्याने चूक केली त्याच्यावर ओरडू नका. ओरडलात तर पुढचा माणूस सांगायला दोन दिवस लावेल, आणि त्या दोन दिवसांत किल्ली उघडीच राहील.

टेस्ट आणि लाइव्हला एकच किल्ली चालेल का?

नाही. किल्लीच्या सुरुवातीलाच ‘टेस्ट’ किंवा ‘लाइव्ह’ असं काही जोडा, म्हणजे चुकीची किल्ली डोळ्यांना दिसते आणि सर्व्हर सुरू होतानाच नाकारता येते.

सही चुकली तर समोरच्याला काय सांगायचं?

४०१ आणि एक रिक्वेस्ट क्रमांक, इतकंच. बरोबर सही काय असायला हवी होती, हे उत्तरात कधीही लिहू नका; मी असे एरर मेसेज प्रत्यक्ष चालू सेवेत पाहिले आहेत, आणि तसा मेसेज देणारा सर्व्हर मागेल त्याला सही करून देत असतो.

तुमच्या स्वतःच्या लॉगमध्ये मात्र पुरेसं लिहा: किल्लीची ओळख, आलेली वेळ आणि आपली वेळ, बॉडीची लांबी बाइटमध्ये, आणि ज्या ओळींवर सही तपासली त्यांचा एसएचए२५६. किल्ली लिहू नका, ग्राहकाचा पत्ताही लिहू नका. समोरच्या टीमशी फोनवर बोलताना आधी लांबी विचारा. त्यांच्याकडे ४१२ आणि तुमच्याकडे ४१३ असेल तर शेवटची नवी ओळ पाहा. लांबी जुळली आणि हॅश जुळला नाही तर मजकूर एकेक बाइट करून शेजारी ठेवा. हॅशही जुळला आणि सही तरीही वेगळी, तर प्रश्न किल्लीचा आहे: दोन्हीकडे ६४ अक्षरं धरली आहेत की ३२ बाइट, ते विचारा.